उजेडाची बेगमी

घाटघर नावाची गावे सह्याद्रीत एकाहून अधिक आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनच्या शेजारी एक घाटघर आहे. ते जुन्नर तालुक्यातले. मी ज्या घाटघराविषयी लिहिणार आहे ते अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथे देश संपतो आणि कोकण एकदम पायाखाली उघडते तिथले. पावसासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे बाकीचे तालुके आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात तेव्हा इथे पागोळ्या थांबायचे नाव घेत नाहीत. म्हणून लोक त्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण चेरापुंजी मात्र अजून नगरचीच आहे.

मुंबईहून निघालात तर कसारा घाट चढून इगतपुरी, मग घोटी, आणि घोटीला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की कळसूबाई तुमची सोबत करू लागते. सोळाशे सेहेचाळीस मीटरांचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पण रस्त्यावरून ते एखाद्या घरंदाज म्हातारीसारखे दिसते, उंचीचा तोरा नसलेले. बारी गाव मागे टाकले की शेंडी येते. तिथे १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आणि त्यामागचा जलाशय. बहुतेक मंडळी इथेच थांबतात, बोटीत बसतात, रंधा धबधबा पाहतात, भजी खातात आणि परततात. आम्ही पुढे निघालो होतो.

आम्ही म्हणजे मी, सौ., अकरावीतली आमची कन्या आणि आमचे शेजारी अप्पा. अप्पांनी उभी हयात वीज मंडळाच्या नोकरीत घालवली. सोसायटीत कुणाचा दिवा लुकलुकला तरी पहिली हाक अप्पांना जाते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण डोक्यावरून तार गेलेली दिसली की ते अजून मान वर करून तिच्याकडे पाहतात, बाकीचे लोक पक्ष्यांकडे पाहतात तसे.

शेंडीपासून जलाशयाच्या उत्तर काठाने मुरशेत, उडदावणे अशी गावे घेत रस्ता जातो. पाऊस नुकताच सरला होता. भात पिवळे पडू लागले होते आणि कातळावर सोनकीची फुले अशी पसरली होती की कन्येने तीन वेळा गाडी थांबवायला लावली. डाव्या हाताला पाण्यापलीकडे रतनगडाचा खुट्टा, उजवीकडे अलंग-मदन-कुलंगची कातळभिंत. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. घरे बुटकी, पावसाला पाठ दाखवून बसलेली. हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मे महिन्याच्या अखेरीस इथे झाडेच्या झाडे काजव्यांनी पेटलेली दिसतात आणि ते पाहायला शहरातून माणसांच्या झुंडी लोटतात.

घाटघरला पोहोचण्याआधी एक धरण लागते. पंधरा मीटरांच्या आसपास उंचीचे, दिसायला अगदी बेताचे. विल्सन धरणाचा रुबाब पाहून आलेल्या माणसाला ते बांधासारखे वाटावे.

“एवढंच?” सौ. म्हणाल्या.

“वहिनी, याचा दुसरा अर्धा भाग खाली आहे. चला दाखवतो,” अप्पा म्हणाले आणि आम्हाला कोकणकड्यावर घेऊन गेले.

कड्यावरून जे दिसते ते शब्दांत धरणे अवघड आहे. जमीन संपते. समोर काही नसते. मग डोळा सावरतो आणि खाली, फार खाली, झाडीच्या खोबणीत पाण्याचा एक निळसर तुकडा दिसतो. तो ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला चोंढ्याचा जलाशय. त्याचे धरण ऐंशी मीटरांहून उंच आहे, पण इतक्या वरून ते पाटीवरच्या रेघेएवढे. वरचा जलाशय आणि खालचा जलाशय यांच्यात चारशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक आहे. आणि या दोघांच्या मध्ये, डोंगराच्या पोटात, वीजघर. वरून त्याची काही म्हणजे काही खूण दिसत नाही.

या योजनेचे नाव घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प. ‘उदंचन’ म्हणजे पाणी उपसून वर चढवणे. सव्वाशे मेगावॅटचे दोन संच, मिळून अडीचशे मेगावॅट. जपानच्या कर्जसाहाय्याने ही योजना उभी राहिली आणि २००८ साली सुरू झाली. रोलरने दाबून बसवलेल्या काँक्रीटची धरणे भारतात पहिल्यांदा बांधली गेली ती इथे. वीजघरात कुणालाही सहज सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अप्पांनी नोकरीत असताना ते पाहिले होते, त्यामुळे आमचे दर्शन त्यांच्या डोळ्यांनी झाले.

“संध्याकाळी वरचं पाणी बोगद्यातून खाली सोडतात. ते चक्र फिरवतं, वीज होते, पाणी खालच्या तळ्यात जाऊन बसतं,” अप्पा सांगू लागले. “आणि ज्या वेळी विजेला गिऱ्हाईक कमी असतं, त्या वेळी तेच यंत्र उलटं फिरवतात. वीज घेऊन तेच पंप होतं आणि खालचं पाणी पुन्हा वर नेऊन ठेवतं.”

“तेच पाणी?”

“तेच पाणी. आज खाली, उद्या वर.”

कन्या आता विज्ञानाच्या वर्गात बसते. तिने लगेच विचारले, “काका, वर न्यायला जितकी वीज लागते तितकी खाली येताना मिळत नाही ना?”

“शाबास! शंभर युनिटं खर्च केली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. बाकीची घर्षणात आणि यंत्रात जातात.”

“मग हा तोट्याचाच धंदा झाला,” मी म्हणालो.

यावर उत्तर अप्पांऐवजी सौ.नी दिले. त्या म्हणाल्या, “अहो, मी उन्हाळ्यात कुरडया घालते तेव्हा चीक सांडतो, दोनचार कावळे नेतात, काही मोडतात. म्हणून श्रावणात तळायला मिळतात त्या काय तोट्याच्या?”

अप्पांनी हात जोडले. चाळीस वर्षांत हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितले नव्हते, असे ते म्हणाले.

खरोखरच ही बेगमी आहे. आपल्या आजी-पणजी पावसाळ्याआधी लाकूडफाटा, धान्य, पापड, सांडगे भरून ठेवत. पण विजेचा स्वभाव असा विचित्र की ती कोठीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी हवी त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. आपण दिव्याचे बटण दाबतो तेव्हा कुठेतरी एखाद्या यंत्रावर तेवढा भार त्याच वेळी पडतो. सगळ्या देशाची यंत्रे एका तालात, सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या ठेक्यावर चाललेली असतात. मागणी वाढली की ठेका मंदावू लागतो, मागणी घटली की धावू लागतो. आणि तो फार ढळला तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक अंग काढून घेतात. मग अंधार. हा ताल सांभाळण्यासाठी ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्रात माणसे रात्रंदिवस बसलेली असतात.

वाचकांना ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवत असेल. नऊ वाजता नऊ मिनिटे देशभर लोकांनी घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या. आपण गॅलरीत पणत्या सांभाळत होतो, तेव्हा देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने खाली आली आणि पुन्हा तितकीच वर चढली. कोळशाचे केंद्र असे झटपट खालीवर होत नाही. त्याचे बॉयलर तापायला आणि निवायला तास लागतात. त्या रात्री कामाला आली ती मुख्यतः पाण्याची वीज. पाण्याचे संच झाकण फिरवल्यासारखे कमीजास्त करता येतात, म्हणून देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी तो झोका अंगावर घेतला. आपल्या घरातला पंखा फिरत राहिला आणि आपल्याला काही कळलेसुद्धा नाही.

मग साधे धरणच का नाही, उदंचनच कशाला, असे कुणी विचारील. कोयनेचे उदाहरण घ्या. सगळे संच धरून सुमारे १९६० मेगावॅटचे ते केंद्र महाराष्ट्राची संध्याकाळ पिढ्यान्‌पिढ्या उजळत आले आहे. पण कोयनेचे पाणी एकदा पश्चिमेकडे सोडले की वाशिष्ठीतून समुद्राला मिळते; ते काही परत येत नाही. शिवाय कृष्णा खोऱ्यातले पाणी पूर्वेकडच्या शेतीलाही हवे, म्हणून वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांहून जास्त पाणी पश्चिमेकडे वळवायचे नाही असे लवादाने बांधून दिले आहे. घाटघरचे तसे नाही. एकदा दोन्ही तळी भरली की तेच पाणी वर्षभर झोपाळ्यावर बसते. बाष्पाने उडून जाईल तेवढे पावसाने भरून दिले की झाले.

यात मला एक गंमत वाटली. वरचा जलाशय प्रवरेवर आहे. प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. खालचा जलाशय ज्या नाल्यावर आहे, त्याचा उतार अरबी समुद्राकडे. म्हणजे एकच पाणी सह्याद्रीच्या या अंगाला असताना पूर्वसमुद्राचे असते आणि त्या अंगाला गेले की पश्चिमसमुद्राचे होते. आणि कुठल्याच समुद्राला न मिळता पुन्हा माघारी येते.

कड्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली आले की साधारण एक युनिट वीज मिळते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो. तो इथून खाली ओतला तर दहा युनिटे, म्हणजे आमच्या घराची जेमतेम सव्वा दिवसाची वीज. दोन्ही संच सहा तास पूर्ण चालले, तर पंधरा लाख युनिटे. आपल्या घरी इन्व्हर्टरखाली जी दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी असते, तिच्यात पुरती भरलेली असताना पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज मावते. या डोंगराच्या बरोबरीला तशा आठ लाखांहून अधिक बॅटऱ्या मांडाव्या लागतील. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालणार कोण, असा प्रश्न सौ.नी केला.

अप्पा मात्र बॅटरीची टिंगल करू देईनात. आता लिथियमच्या मोठमोठ्या बॅटऱ्या वीजकेंद्रांजवळ बसू लागल्या आहेत. सेकंदाच्या अंशात त्या मदतीला धावतात, कुठेही बसवता येतात. पण बहुधा दोन-चार तासांच्या कामासाठी, आणि काही वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. डोंगरातले तळे सावकाश उठते, परंतु लांब पल्ला ओढते आणि दोन-तीन पिढ्या टिकते. “एक शेजारचा पोरगा, हाक मारल्याबरोबर येणारा. दुसरा घरचा बैल,” अप्पा म्हणाले. साठ्याचा नियम मात्र दोघांनाही एकच. तो तळापर्यंत खरवडायचा नाही, उतावीळपणे भरायचा नाही, आणि रोजची गरज भागवताना संकटाचा वाटा बाजूला ठेवायचा.

भरण्याची वेळही आता बदलते आहे. घाटघरची योजना आखली तेव्हा हिशेब रात्रीचा होता. कारखाने थांबलेले, माणसे झोपलेली, पण कोळशाची केंद्रे विझवता येत नाहीत. तेव्हा मध्यरात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवायचे. आता उन्हाच्या विजेने भर दुपारीच शिल्लक पडू लागली आहे. सूर्य मावळतो नेमका त्या वेळी, जेव्हा घरोघर दिवे, पंखे, मिक्सर, दूरदर्शन संच एकदम लागतात. म्हणून दुपारच्या उन्हाने पाणी वर न्यायचे आणि दिवेलागणीला खाली सोडायचे, ही नवी रीत. ऊन साठवून रात्री वापरायचे, असेच म्हणा ना.

हे सारे कशासाठी, हे मला १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी नीट समजले होते. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम थंड पडली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ते करोनाचे दिवस. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका घरीच प्राणवायूच्या यंत्रावर होते. यंत्र विजेवर चालणारे. इन्व्हर्टरने थोडा वेळ काढला, मग त्याचीही शिट्टी सुरू झाली. लिफ्ट बंद. अप्पांनी आणि दोन तरुण मुलांनी कुठूनसा प्राणवायूचा सिलिंडर मिळवला आणि खांद्यावरून चार मजले चढवला. अप्पांचे वय पाहता कुणी त्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीवरही उभे करायला नको होते. काका त्यातून वाचले. जिन्यात बसून धापा टाकणाऱ्या अप्पांचा चेहरा मी विसरलेलो नाही. विजेच्या बेगमीची गोष्ट मेगावॅटच्या आकड्यांत सांगतात. मला ती त्या जिन्यात दिसते.

पण घाटघरहून परतताना आणखी एक गोष्ट ऐकली, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

वाटेतल्या एका पाड्यावर जेवणाची सोय झाली. नागलीची भाकरी, काळ्या वाटाण्यांची आमटी, ठेचा. वाढणारी बाई पन्नाशीची असेल. आमच्या गप्पा ऐकत होती. भाकरी ताटात टाकता टाकता तिने अप्पांना विचारले, “बाबा, खालचं पाणी कड्यावर चढतं म्हणता?”

“हो ताई, रोज.”

“मंग आमच्या झऱ्याचं पाणी चैतात आटतं, तवा आमी हंडे घेऊन खाली उतरतो अन्‌ वर चढतो. त्याला नाही व्हय असं यंत्र?”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. खरोखरच तिला जाणून घ्यायचे होते. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आहे ताई. फार लहान लागतं. लावायला पाहिजे.”

सह्याद्रीने मुंबईला उजेड दिला त्याला शंभर वर्षे होऊन गेली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली, पुढे भिवपुरी, मग १९२७ साली भिरा. भिऱ्याला पाणी मिळाले ते मुळशीच्या धरणातून, आणि त्या धरणाखाली ज्यांची भातखाचरे जाणार होती त्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण झाले, जमिनी गेल्या, मुंबईत दिवे लागले. त्याच भिऱ्याला १९९० च्या दशकात दीडशे मेगावॅटचा उदंचन संचही बसला. म्हणजे उदंचनाचा आणि विस्थापनाचा, दोन्हींचा इतिहास आपल्याकडे एकाच डोंगरात सापडतो.

आता तर अशा योजनांची रांगच लागली आहे. २०२३ साली राज्य सरकारने उदंचनासाठी धोरण ठरवले आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांशी करार केले. कर्जत, मावळ, जुन्नर, भिवपुरी, शिरवटा ही त्यांतली काही नावे. एकेक योजना घाटघरच्या कितीतरी पट मोठी. हजार, दोन हजार, तीन हजार मेगावॅटच्या गोष्टी. सह्याद्रीची भिंत यासाठी जणू घडवलेलीच आहे: वर पाणी, खाली दरी, मध्ये सरळ कडा. पण ज्या कारणाने ती यंत्राला सोयीची, त्याच कारणाने ती झऱ्यांना, देवरायांना, शेकरूला आणि काजव्यांनाही सोयीची आहे.

मी अशा योजनांच्या विरुद्ध नाही. चौथ्या मजल्यावरचा तो जिना पाहिलेला माणूस विरुद्ध असूच शकत नाही. कोळशाचा धूर कमी करायचा असेल तर ऊन आणि वारा वापरावा लागेल, आणि ऊन-वारा वापरायचे तर साठा हवाच. पण सौ. कुरडयांच्या हिशेबात मोडलेल्या कुरडयाही धरतात, तसे या हिशेबात गेलेले रान आणि उठलेली घरे धरली पाहिजेत. शंभरातली वीस-पंचवीस युनिटे वाटेत जातात हे इंजिनिअर मोकळेपणी सांगतात. तेवढ्याच मोकळेपणी डोंगरावरच्या माणसाचे काय गेले आणि त्याला काय मिळाले, हेही प्रत्येक योजनेच्या कागदावर लिहिलेले असावे. आणि जिथे दिवसाकाठी लाखो घनमीटर पाणी कडा चढते, तिथे वरच्या पाड्यांचे हंडे भरणे ही त्या कागदावरची पहिली ओळ असावी. यंत्र फार लहान लागते, हे अप्पांनी सांगितलेच आहे.

घाटघरला जायचे तर पाऊस सरल्यावर, दसऱ्यापासून पुढे दोन महिने उत्तम. भर पावसात धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि कड्याला कठडा सगळीकडे नाही. शेंडीला मुक्कामाची सोय होते. रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आणि साम्रदची सांदण दरी याच फेरीत होतात. काजव्यांना जाल तेव्हा गाडीचे दिवे मालवा आणि मुलांना बाटलीत काजवे धरू देऊ नका.

आणि कोकणकड्यावर उभे राहाल तेव्हा खालच्या तळ्याच्या काठाकडे नीट पाहा. पाणी ओसरल्याची ओली मातकट पट्टी त्या काठाला दिसते. ती रुंद असेल तर समजा की वर भरपूर साठा आहे, आणि संध्याकाळी शहरात दिवे लागायला अजून अवकाश आहे.